मळक्या कपड्यांना जागा कमी, हवा जास्त

प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईच्या घणसोलीत ३८० चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके. घरात नवरा-बायको, तिसरीतली मुलगी आणि सासूबाई. बाथरूम चार बाय सहा, ड्राय बाल्कनी तीन बाय साडेचार, तिच्यात साडेसहा किलोचं टॉप लोड मशीन. मळके कपडे बाथरूमच्या दारामागच्या टबात साठतात आणि पावसाळ्यात कुबट वास मारतात. सुतार म्हणतो, बेडरूमच्या नव्या वॉर्डरोबमध्ये खाली दीड फुटाचा बंद कप्पा करून देतो, पुढे झुकून उघडणारा, बाहेरून काही दिसणार नाही. सासूबाईंना मळके कपडे कपाटात ठेवलेले चालत नाहीत. तर टोपली कोणती घ्यावी, केवढी घ्यावी आणि ठेवावी कुठे?

ताई, मी ठाण्याची. गेली बावीस वर्षं लहान घरांची आतली कामं करते. सुरुवात कोपरखैरण्याच्या सिडकोच्या रो-हाउसेसपासून झाली, मग घोडबंदर रोडचे टॉवर आले, अलीकडे तळोज्यातली ३० चौरस मीटरची, म्हणजे ३२३ चौरस फुटांची घरं लावून दिली. त्या अनुभवावरून पहिलंच सांगते: तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. तो कप्पा करू नका.

दहा-बारा वर्षांपूर्वी कासारवडवलीच्या एका घरात मी स्वतः असा कप्पा करून दिला होता. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा, आतून पांढरा लॅमिनेट, सुबक दिसत होता. त्याच्या वरच्या खणात त्या बाईंनी साड्या ठेवल्या. पहिला पावसाळा कसाबसा गेला. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला, कपाट उघडलं की वास येतो. जाऊन बघते तर कप्प्याची खालची कड फुगून लॅमिनेट सुटलेलं, आणि वरच्या खणातल्या लग्नातल्या पैठणीवर पांढरट बुरशी धरलेली. त्या बाईंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. चूक मात्र पूर्ण माझी होती. मळके आणि धुतलेले कपडे एकाच हवेत ठेवायचे नसतात, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं आणि मी ड्रॉइंग काढताना विसरले. तेव्हापासून मी एकाही घरात कपाटाच्या पोटात मळक्या कपड्यांचा कप्पा केलेला नाही.

हे असं का होतं ते समजलं की टोपली निवडणं सोपं जातं. सुती कापड हाताला कोरडं लागलं तरी आत पाणी धरून असतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर सुती कापडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतं. आपल्या खाडीकाठी जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या वर जाते, म्हणजे न भिजलेला सदरासुद्धा त्याहून जास्त ओल घेऊन टोपलीत पडतो. त्यावर अंगाचा घाम, लोकलच्या गर्दीतला दमटपणा, पावसाचे शिंतोडे. असे कपडे दाबून भरले आणि वर झाकण लावलं की बुरशीला २४ ते ४८ तास पुरतात. कुबट वासाचं कारण आणखी बारीक आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की धुतलेल्या कपड्यांच्या त्या विशिष्ट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूचा हात असतो. तो कापड वाळल्यावरही तग धरतो आणि पुन्हा ओल मिळाली की वास सुरू करतो. म्हणून एकदा टोपलीत कुबटलेला टॉवेल धुतल्यावर चांगला वाटतो, पण अंग पुसताच परत तोच वास येतो. तो दोष साबणाचा नसतो. कापड आधी किती वेळ ओलं पडून राहिलं, त्याचा तो परिणाम असतो.

माझं लहानपण नौपाड्यातल्या चाळीत गेलं. दोन खोल्यांत आम्ही सात माणसं, आणि मळक्या कपड्यांची टोपली नावाची वस्तू घरात नव्हती. आंघोळ झाली की ज्याचे त्याचे कपडे मोरीतल्या बादलीत, आई ते तिथंच धुणार आणि काठीनं वरच्या वलणीवर टाकणार. मळका कपडा घरात दोन-तीन तासांच्या वर थांबतच नव्हता. टोपली आली ती मशीनबरोबर, कारण मशीन भरेपर्यंत कपडे साठवावे लागतात. म्हणजे टोपली ही साठवणीची जागा असली तरी तिचं खरं माप दिवसांत असतं. तुमच्या घरी कपडा मळल्यापासून मशीनमध्ये पडेपर्यंत किती दिवस जातात, हे आधी ठरवा. माझ्या मते आपल्या हवेत सुक्या दिवसांत तीन आणि पावसाळ्यात दोन दिवसांच्या पुढे जाऊ नये. मुंबई परिसरात मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर धरतात, म्हणजे वर्षातले जवळजवळ चार महिने तुम्हाला दोन दिवसांच्या हिशेबानंच चालायचं आहे. टोपली त्याच हिशेबानं घ्या, रविवारच्या मोठ्या धुण्याच्या हिशेबानं नको.

आता माप. दुकानात लोक टोपलीची उंची आणि रंग बघतात. मी वजन विचारते. मशीनवर लिहिलेले साडेसहा किलो हे कोरड्या सुती कपड्यांचं वजन असतं, आणि सिंथेटिक कपड्यांना बहुतेक मशीनांत त्याच्या निम्म्याच्या आसपासच भार चालतो. घरातल्या कपड्यांचं वजन साधारण असं भरतं: शर्ट दोन-अडीचशे ग्रॅम, जीन्स सहाशे-सातशे, आंघोळीचा टॉवेल चारशे ते पाचशे, सुती साडी पाचशेच्या पुढे, डबलची चादर पाऊण ते एक किलो. तुमच्या चौघांचं, सासूबाईंची रोजची साडी आणि मुलीचा युनिफॉर्म धरून, दिवसाला तीन किलोच्या आसपास निघेल. यावर माझ्या शब्दावर विसंबू नका. बॅग तोलायचा हुकवाला काटा असेल तर त्यानं, नाहीतर कपड्यांची पिशवी हातात धरून वजनकाट्यावर उभं राहा आणि मग आपलं वजन वजा करा. आठ दिवस रोज रात्री एवढं केलंत की घराचा खरा आकडा हातात येतो. माझ्याकडे आलेल्या किती तरी कुटुंबांना आपलं धुणं वाटत होतं त्याच्या निम्मं किंवा दीडपट निघालं आहे.

सैलसर टाकलेले एक किलो मळके कपडे दहा लिटरच्या आसपास जागा घेतात, हा माझा हाताचा अंदाज. दोन दिवसांचे सहा किलो म्हणजे साठ लिटर. आणि साडेसहा किलोच्या मशीनचाही तो एक भरणा होतो, म्हणजे टोपली भरली की मशीन लावायचं, वेगळा विचार करायला नको. नव्वद-शंभर लिटरची मोठी टोपली स्वस्तात मिळते आणि मोहात पाडते. ती घेऊ नका. मोठी टोपली भरेपर्यंत वाट बघितली जाते, तळाचे कपडे चार-पाच दिवस दबून राहतात, आणि भरली की एका भरण्यात मावत नाहीत, मग अर्धे पुन्हा तळाला जातात. पाणी बंद असण्याचा एखादा दिवस येतो हे खरं, पण त्यासाठी घडी करून ठेवलेली एक कापडी पिशवी पुरते.

साठ लिटरची एक टोपली घेण्यापेक्षा तीस-तीस लिटरच्या दोन घ्या. एक पांढऱ्या आणि फिक्या कपड्यांची, दुसरी गडद रंगांची. कपडे टाकतानाच वेगळे झाले तर मशीनपुढे बसून निवडायचं काम वाचतं, आणि दोन अरुंद पिशव्या भिंतीला लागून जिथं बसतात तिथं एक गोल टोपली बसत नाही. दहा इंच बाय चौदा इंच बाय वीस इंच उंच, एवढ्या मापाच्या चौकोनी टोपलीत सुमारे ४६ लिटर मावतं. याच तळाची चौदा-पंधरा इंच उंच घेतली तर तीसेक लिटरची होते. लहान घरात गोल वस्तू चारही कोपरे वाया घालवते, म्हणून चौकोनीच बघा.

ठेवायची कुठे, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक घरांचं दुखणं टोपलीपेक्षा जागेत असतं.

बाथरूम ही सगळ्यांची पहिली पसंती, कारण कपडे तिथंच उतरतात. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये गरम पाण्याच्या आंघोळीनंतर वाफ बराच वेळ रेंगाळते, चौघांच्या आंघोळी लागोपाठ झाल्या तर दुपारपर्यंत भिंती ओल्या. नोव्हेंबर ते मे तिथं भिंतीवर, जमिनीपासून फूटभर वर अडकवलेली जाळीची टोपली चालून जाते. जून ते ऑक्टोबर नाही. तुमचा टब दारामागे जमिनीवर आहे, त्याला तळाशी भोकं नाहीत, आणि दार उघडलं की हवा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याहून वाईट जागा घरात दुसरी शोधून सापडणार नाही. आजच तो तिथून काढा आणि बादल्या-मग ठेवायला वापरा.

ड्राय बाल्कनी सगळ्यात चांगली, एका अटीवर. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. तुमची ड्राय बाल्कनी पश्चिमेला किंवा दक्षिणेला उघडत असेल तर जुलैत तिथं जमिनीवर ठेवलेली प्रत्येक गोष्ट भिजते. टोपली मशीनच्या शेजारी जमिनीवर ठेवायच्या ऐवजी भिंतीवर वर घ्या. टॉप लोड मशीन असल्यानं त्याच्या डोक्यावर फळी मारण्याआधी झाकण पूर्ण उघडून उंची मोजा आणि त्यावर चार बोटं मोकळी सोडा; मी अशी झाकणाला अडणारी फळी दोन घरांत उतरवून पुन्हा लावली आहे. फ्रंट लोड असतं तर त्याच्या माथ्यावरच टोपली ठेवता आली असती, खाली रबरी चटई घालून, कारण पिळताना मशीन थरथरतं. बाल्कनीच्या बाहेरच्या फ्लॉवर बेडवर मात्र काहीही रचू नका. तो माती आणि झाडांपुरता भार घ्यायला केलेला असतो, आणि तिथं टोपली ठेवली की हळूहळू त्याची अडगळीची खोली होते.

वॉश-बेसिनचा पॅसेज ही जुन्या सिडको घरांची चांगली देणगी आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच जुन्या घरांत संडास आणि बाथरूम वेगळे, आणि मध्ये बेसिनची बोळकंडी. तिथं हवा खेळती राहते, कुणाच्या झोपायच्या खोलीत वास येत नाही, आणि सासूबाईंच्या मनालाही ते पटतं. बेसिनच्या अगदी खाली ठेवू नका, खालचा वळणाचा पाइप, म्हणजे ट्रॅप, कधी गळेल सांगता येत नाही. शेजारच्या भिंतीला हुक मारून दोन पिशव्या टांगा.

बेडरूम ही शेवटची निवड. ठेवायचीच झाली तर खिडकीजवळ, पलंगाच्या पायाशी, उघडी. पलंगाखाली मळके कपडे कधीच नकोत, तिथं हवा फिरत नाही आणि झुरळांना अन्नाचे डाग आवडतात. दारामागे टांगायच्या पिशव्या मिळतात, सहा-सात इंच खोलीच्या; त्या चालतात, पण पावसाळ्यात फ्लश डोअर फुगून आधीच घासत असेल तर त्यावर आणखी पाच किलो लादू नका.

आणि घराबाहेर, लिफ्टसमोरच्या सामायिक पॅसेजमध्ये किंवा जिन्यात टोपली ठेवणारी घरं मी टॉवरमध्ये पाहते, त्यांना हात जोडून सांगते की ती वाट आग लागल्यावर पळण्याची आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतल्या अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक आणि राहणाऱ्यांवर येते. धुरात चाचपडत उतरणाऱ्या माणसाच्या पायात कापडाचा ढीग येऊ नये.

सुताराच्या कप्प्याबद्दल अजून एक. तुमच्या बेडरूमची कोणती भिंत बाथरूमला लागून आहे ते बघा. वन बीएचकेमध्ये बहुतेकदा वॉर्डरोब त्याच भिंतीला येतो, कारण दुसऱ्या भिंतीला खिडकी आणि तिसरीला पलंग. त्या भिंतीतून ओल झिरपायला लागली की कपाटाच्या पाठीला ती सर्वात आधी खालच्या दीड फुटात दिसते, नेमका जिथं सुतार मळक्या कपड्यांचा कप्पा करणार आहे तिथं. तो खण त्याला पूर्ण उघडा सोडायला सांगा, किंवा कपाट चार इंच उंच पायांवर घ्यायला सांगा. घरातल्या कुणाचा बंद कपाटाचाच हट्ट असेल तर तो ड्राय बाल्कनीत स्वतंत्र करा, ७१० मार्काच्या बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायमध्ये किंवा डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र बोर्डात. प्लायच्या सगळ्या कडा, आतल्यासुद्धा, सील करून, शटरला खाली आणि वर दोन्हीकडे जाळी. फक्त वर जाळी मारून उपयोग नाही. हवा खालून शिरली तरच वरून बाहेर पडते. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड धुण्याच्या आसपास फिरकूही देऊ नका.

टोपली कशाची घ्यावी? बांबूची आणि वेताची दिसायला मला स्वतःला फार आवडतात, बुरूडकामाची विण बघत राहावं अशी असते. पण आपल्या पावसाळ्यात बांबूच्या सांध्यांत काळी बुरशी धरते आणि कुसळ निघालं की साडीचा धागा ओढला जातो. घेतलीच तर आत सुती पिशवी घाला, आणि ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस तापवा. स्टीलच्या तारेची जाळी हवेसाठी उत्तम, पण स्वस्त क्रोमचा मुलामा खाडीच्या वाऱ्यात एका पावसाळ्यात गंजतो आणि गंजाचा डाग पांढऱ्या शाळेच्या शर्टावरून जाता जात नाही. स्टेनलेस स्टीलची ३०४ ग्रेड मागा, आणि दुकानदारानं लोहचुंबक लावून दाखवला तर त्यावर विसंबू नका. २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही आणि ती लवकर गंजते. बिलावर ग्रेड लिहून घ्या. भोकांची प्लास्टिक टोपली, खाली छोटे पाय असलेली, ठाण्याच्या जांभळी नाक्यावर सहज मिळते आणि बहुतेक घरांना पुरेशी आहे. बाल्कनीच्या थेट उन्हात ती दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते, एवढंच.

माझी निवड कापडी पिशवीची. भिंतीवर मजबूत हुक किंवा हलकी फ्रेम, त्यावर दोन पिशव्या, आणि धुण्याच्या दिवशी पिशवी उलटी करून कपड्यांबरोबर तीही मशीनमध्ये. टोपली स्वतः धुतली जाणं हा याचा सगळ्यात मोठा फायदा, कारण प्लास्टिकची टोपली महिन्यातून एकदा घासणारं घर मी क्वचितच पाहिलं आहे. पण विकत मिळणाऱ्या पुष्कळ घडीच्या पिशव्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्या बंद डब्यासारख्याच वागतात. दुकानात एक परीक्षा करा: कापड तोंडाला लावून फुंकर मारा, पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली तरच घ्या. त्याहून चांगलं म्हणजे मांजरपाटाच्या शिवून घ्या. सासूबाईंची एखादी विरलेली सुती साडी असेल तर ती दुहेरी करून शिवली की चार पिशव्या निघतात, दोन वापरात आणि दोन धुण्यात. मी माझ्या घरी आईच्या इरकलीच्या शिवल्या आहेत, सहा वर्षं टिकल्या.

इतकं सगळं नीट केलं तरी दोन-तीन प्रकारचे कपडे टोपलीत जाताच कामा नयेत. ओला टॉवेल पहिला. त्याला दांडी हवी, माणशी एक, टॉवेल पूर्ण पसरेल एवढी लांब. हुकवर गोळा करून टांगलेला टॉवेल मध्यभागी संध्याकाळपर्यंत ओलाच असतो. पावसात भिजून आलेले कपडे आणि मुलीच्या मैदानावरून आलेले मोजे आधी वाळत टाका, वाळले की मग टोपलीत. ओटा पुसायची फडकी आणि तेलकट हातपुसणी वेगळ्या छोट्या बादलीत, रोजच्या रोज. घरात कुणी आजारी असेल किंवा तान्हं बाळ आलं तर त्यांचे कपडे वेगळे. आणि घरात लहान मूल असेल तर जड झाकणाची, माणूस मावेल एवढी टोपली आणूच नका. लपाछपीत मुलं कशातही शिरतात, टॉप लोडच्या ड्रममध्येसुद्धा.

सासूबाईंचं पूजेचं वस्त्र आणि त्यांच्या साड्या चौघांच्या ढिगात टाकायला त्यांचं मन घेत नसेल तर तिसरी छोटी पिशवी त्यांच्या नावाची करा. दहा लिटरची पिशवी एवढीशी जागा घेते. घरातल्या वडील माणसाला स्वतःच्या घरात अवघडल्यासारखं वाटू नये, हेही घर लावण्याच्या कामातच येतं.

आता ज्या ढिगाबद्दल तुम्ही विचारलंच नाही तो. एकदा घातलेली पँट, दोन तास नेसलेली साडी, उद्या परत घालायचा ड्रेस. ना मळके, ना धुतलेले. माझ्या अनुभवात लहान घरातला सगळा पसारा इथून येतो: खुर्चीच्या पाठीवर, दारामागे, पलंगाच्या कडेला. आपल्याकडे एखादी गोष्ट खुंटीला टांगली असं म्हणतो तेव्हा ती विसरली असा अर्थ होतो, आणि दारामागच्या हुकांवर तेच होतं, एकावर एक सात कपडे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरात अंधाऱ्या, सावलीच्या जागी विसावतो, टांगलेल्या कपड्यांमागे तर हमखास. दारामागचा ढीग ही त्याची बैठक होते. उपाय साधा आहे. माणशी एकच खुंटी, एका खुंटीवर एकच हँगर, उजेडाच्या भिंतीवर. दुसरा कपडा टांगायचा झाला तर पहिल्याचा निकाल लावायचा, टोपलीत किंवा अंगावर. पहिले पंधरा दिवस कुरकुर होते, मग सवय होते.

धुतल्यानंतरचा ढीगही जागा मागतो. पाच किलो सुती कपडे मशीननं मिनिटाला १००० फेऱ्यांनी पिळले तरी त्यांत तीनेक लिटर पाणी उरतं, टॉप लोड सहसा ७०० फेऱ्यांच्या आसपास पिळतं, म्हणजे त्याहून जास्त. ते सगळं पाणी घरात वाळत घातलं तर घरातल्या हवेत येतं आणि तिथून तुमच्या टोपलीतल्या मळक्या कपड्यांत आणि कपाटातल्या साड्यांत. म्हणून छताची पुलीची दांडी शक्यतो ड्राय बाल्कनीत घ्या, दोन कपड्यांत दोन बोटं अंतर ठेवा, आणि हॉलमध्ये वाळवायची वेळ आलीच तर पंखा लावून एक खिडकी फटीएवढी उघडी ठेवा, पाऊस असला तरी. वाळला का हे कपड्याच्या पोटाला हात लावून बघू नका. नेफा, कॉलर, जीन्सच्या खिशांची पोटं दाबून बघा. ओल तिथं सगळ्यात शेवटी जाते. तिथं गार लागलं तर घडी घालायची नाही.

इस्त्रीला जाणाऱ्या कपड्यांचं बोचकं सोफ्यावर पडतं कारण त्याला स्वतःची जागा नसते. मुख्य दाराजवळ चपलांच्या कपाटाच्या वर एक हुक आणि एक वेगळ्या रंगाची पिशवी, इस्त्रीवाले दादा आले की तीच उचलून द्यायची. बाकीच्या घड्यांसाठी पलंगाखाली सरकणारा आठ इंच उंचीचा उथळ ट्रे चालतो, पूर्ण वाळलेल्या कपड्यांपुरता.

तुमच्या घरात मी काय केलं असतं ते आता सांगते. ड्राय बाल्कनीत मशीनच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, ३०४ स्टीलची एक आडवी दांडी. तिच्यावर तीस-तीस लिटरच्या दोन मांजरपाटाच्या पिशव्या, शेजारी सासूबाईंची छोटी. बाल्कनीत पावसाचा झोत येत असेल तर त्या बाजूला पावसाळ्यापुरता गुंडाळता येणारा पडदा, खालून एक वीत मोकळा, म्हणजे हवा येत राहील. बाथरूममध्ये फक्त टॉवेलच्या चार दांड्या, आणि एक्झॉस्ट फॅन नसेल तर कपाटाच्या त्या कप्प्याच्या पैशांतून तो बसवून घ्या. बेडरूमच्या उजेडाच्या भिंतीवर चार खुंट्या. सुताराला सांगा की वॉर्डरोबच्या त्या खालच्या दीड फुटात शटर नको, तिथं बॅगा उभ्या राहू देत आणि मागची भिंत दिसत राहू दे.

दांडीचं भोक पाडायच्या आधी त्या भिंतीमागून पाण्याचा पाइप जात नाही ना, हे सोसायटीच्या प्लंबरला एकदा विचारून घ्या.